गिरणीत ऐकलेलं गाणं

पेठ, ता. आंबेगाव
११ जून २००६

प्रिय राजा,

सप्रेम जय भीम.

दोन वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, माफ कर. कारणं शोधायला बसले तर सापडतात. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, नारायणगावला जाऊन-येऊन जीव आंबून जातो. पण ती खरी कारणं नाहीत. तुझ्या शेवटच्या पत्रात तू आपली कंदिलाची रेकॉर्ड, पाकिटावर कंदिलाचं चित्र असलेली ती इंग्रजी गाण्यांची, मागितली होतीस. लंडनची तुझी कंपनी संग्राहकांसाठी ती जुनी रेकॉर्ड स्वच्छ करून सीडीवर काढणार, मूळ टेप खराब झालीय, आणि भारतात छापलेल्या प्रतीत आवाज जास्त भरीव आहे, असं तू लिहिलं होतंस. पाकिटाचे कोपरे दुमडलेत का, मधल्या लेबलवर कुणी पेनाने नाव घातलंय का, हेही विचारलं होतंस. अप्पा कसे आहेत, हे मात्र विचारलं नव्हतंस.

मला राग आला. पंधरा वर्षं ज्या घराची पायरी चढला नाहीस, त्या घरातल्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांची तुला काळजी! मग वाटलं, कदाचित अप्पांबद्दल विचारायचं त्याला दुसरं निमित्त सुचलं नसेल. दोन्हींतलं खरं कुठलं हे ठरेना, म्हणून उत्तर राहिलं. आजही ठरलेलं नाही. पण परवा तुझं पार्सल आलं आणि गप्प बसणं जड झालं.

सीडी सुखरूप पोचली. सप्टेंबरात बाजारात येणारी वस्तू जूनमध्येच पेठला आली, याचा मला उगाच अभिमान वाटला. सोबतची ‘लवकरच येत आहे’ ही यादी मी एसटीत वाचून काढली. दोन तबकड्यांचा संच, पुस्तिकेसह, मोजक्याच प्रती. एकाही वादकाचं नाव ओळखीचं नाही, पण लोक तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या आवाजाची एवढी वाट बघतात, हे वाचून बरं वाटलं. तुला मनाजोगतं काम मिळालं, राजा. त्याबद्दल मी कुणाचे तरी आभार मानायला हवेत. तूर्त तुझेच मानते.

आता अप्पांचं. त्यांचे कान चाललेत. गिरणीच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढली, दुसरं काय होणार. डावा कान गेल्यातच जमा आहे. उजव्याने जाड, खोल आवाज तेवढे कळतात, बारीक आवाज गेले. यंत्र लावून पाहिलं, तर नुसती घरघर वाढते म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की उरलंय तेही टिकेल असं धरून चालू नका. जे ऐकवायचं असेल ते आता ऐकवा.

म्हणून आज रविवारी तुझी सीडी गिरणीत लावली. तू कॉलेजात असताना जुन्या बाजारातून ती रेकॉर्ड आणलीस आणि गिरणीच्या भिंतीवर स्पीकरचा खोका ठोकलास, तो अजून तिथेच आहे, पिठाने पांढरा होऊन. ठकूमावशी बाजरीचा डबा घेऊन बसल्या होत्या.

“राजाचं हाय व्हय? ते लई हाय लाव की मग.”

तुला हसू येईल. अख्ख्या गावाला ते गाणं अजून त्याच नावाने माहीत आहे. गाणारा म्हणतो ‘लाय, लाय, हाय ऑन अ लाय’, म्हणजे सगळं खोटं, खोट्याचीच नशा. गिरणीच्या पट्ट्याच्या फटफटाटात अप्पांना ते ऐकू आलं ‘लई, लई, हाय ना लई’. मग दळणाला येणाऱ्या सगळ्या बायकांनाही तसंच ऐकू यायला लागलं. एवढे आनंदी साहेबलोक कोण, असं सुभद्रामावशी विचारायच्या.

मी गाणं लावलं. मावशींनी मान तिरकी करून ऐकलं.

“आवाज आंघूळ करून आल्यावानी हाय गं. पन घासता घासता कातडं बी गेलंय का काय?”

अप्पा खोक्याकडे बघत उभे होते. गाणं संपत आलं तेव्हा म्हणाले, “चांगलं हाय, चांगलं हाय.” हल्ली ते फार मोठ्याने बोलतात. मग माझ्याजवळ येऊन, त्यांच्या मते हळू आवाजात, विचारलं, “ज्योत्स्ना, लावलंय का बंद हाय?”

हे तुला लिहावं की नाही याचा मी दुपारभर विचार केला. तुझ्या कामाला नाव ठेवायचं नाही. संग्राहकांना ते आवडेलच. पण तू आवाजाचा माणूस आहेस. अप्पांना ऐकू येईल असं काही करता येतं का? येत नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी
ताई


पेठ
२३ जुलै २००६

प्रिय राजा,

तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. अडीच पानं तू आवाजाच्या पट्ट्यांबद्दल लिहिलंस. अप्पांना काय उरलं असेल, काय गेलं असेल, साफ करताना तू नेमकं त्यांच्याच वाट्याचं कसं कापून टाकलंस. ते सगळं मला कळलं असं म्हणणं खोटं होईल. शेवटची ओळ मात्र कळली. ‘ज्यांनी मला सांगितलं, दारात वाजवायचं नाही, त्यांच्या दारात मी कुठल्या तोंडाने वाजवू?’

ती ओळ मी दोन दिवस डायरीत ठेवून फिरले. त्या दिवशी मी घरात होते. तू इंजिनिअरिंग सोडून लग्नात वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राबरोबर साउंड सांभाळायला निघाला होतास. अप्पा गिरणीतून ओरडले आणि तू रस्त्यावरून. “दारात वाजवायचं न्हाई” एवढंच मलाही ऐकू आलं. मलाही वाटलं, आता याला घर बंद झालं. तू बॅग उचललीस आणि जाताना ओरडलास, की तुम्हाला जे लई हाय वाटतं ते लई नाही, ते खोटं आहे खोटं.

काल दुपारी वीज नव्हती. हल्ली भारनियमनामुळे गिरणी निम्मा दिवस मुकीच असते. अप्पा रिकाम्या पोत्यांवर बसले होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले. त्यांच्याशी बोलायला मी आता घोगरा, खर्जातला आवाज लावते. कॉलेजातल्या मुली ऐकतील तर हसतील.

“अप्पा, राजाला तुम्ही वाजवू नको का म्हणालात?”

“कवा?”

“तो गेला तेव्हा.”

“वाजवू नगं? म्या? आगं, गिरनीत खोका ठोकून दिला तवा शिडी कुनी धरली व्हती?”

“तुम्ही म्हणालात, दारात वाजवायचं नाही.”

“लोकांच्या!” ते एवढ्याने ओरडले की रस्त्यावरचा माणूस थांबला. “लोकांच्या दारात वाजवायचं न्हाई, म्हनलं व्हतं. लगनं कुनाच्या दारात आस्त्यात?”

गिरणी, राजा. पट्टा चालू होता. ‘लोकांच्या’ हा शब्द तुझ्या आणि माझ्या, दोघांच्याही कानापर्यंत आलाच नाही. आपण आपल्या मनाने तिथे ‘माझ्या’ घातलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. आपले आजोबा, भागूबाबा, लोकांच्या लग्नात डफडं वाजवायचे हे आपल्याला माहीत होतं. पण ते मांडवाच्या बाहेर, उन्हात उभे राहून. वाजवून झालं की पदरात पडेल ते घेऊन यायचं. लहानपणी अप्पा त्यांच्याबरोबर जायचे. दीक्षा घेतल्यावर भागूबाबांनी ते बंद केलं आणि गावाला तसं सांगितलं. सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एका लग्नघरचं बोलावणं आलं. भागूबाबा म्हणाले, बसायला जागा देत असाल तर येतो, वाजवायला येत नाही.

“बोलावलं का मग त्यांना?” मी विचारलं.

“न्हाई. पन बाबा त्या दिवशी घरात बसून वाजवत राह्यला. आईला म्हनला, आज आपल्यासाठी वाजवतो. मला तेच लई आवडलं व्हतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “वाद्य काय वाईट आसतंय व्हय? राजानं खुर्चीवर बसून वाजवलं आस्तं, तर मी पेढं वाटलं आस्तं.”

“तो खुर्चीवरच बसतो हो अप्पा. लंडनला.”

“चाकाची हाय का?”

“असेल.”

“मग झालं की.”

मला वाटलं ते रडतील. नाही रडले. म्हणाले, “तवाच विचारायचं व्हतं की गं त्यानं,” आणि मग, “आन म्या बी पुन्यांदा सांगायचं व्हतं.” मी तुला हे जसंच्या तसं लिहिलंय. माझ्याकडून एकही शब्द गोड केलेला नाही. तसा मोह झाला होता.

उठताना त्यांनी फडताळातून कंदिलाची रेकॉर्ड काढली. लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली होती, आईचं हिरवं लुगडं. “ही पाठव त्याला. मागत व्हता ना?” मी तुझं ते पत्र तेव्हा वाचून दाखवलं होतं हे मी विसरले होते. ते विसरले नव्हते.

तुझी
ताई


पेठ
३ सप्टेंबर २००६

प्रिय राजा,

थोडक्यात लिहिते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरचे एक इंजिनिअर इंग्लंडला चाललेत. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. रेकॉर्ड त्यांच्याबरोबर पाठवते आहे. दोन जाड पुठ्ठे आणि मध्ये आईच्या लुगड्याचं फडकं. ते म्हणाले, “बाई, आम्ही ताऱ्यांचे आवाज ऐकतो, तेही एवढे जपून आणत नाही.” भला माणूस आहे. त्यांच्या हाती तुझा फोन नंबर दिलाय.

तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. कोपरे दुमडलेत. लेबलवर पेनाने नाव नाही. खाचांमध्ये पीठ आहे, बहुधा ज्वारीचं. तुझे संग्राहक अशा प्रतीला कुठला दर्जा देतात मला माहीत नाही.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. जाताना तू त्यांना ‘ते खोटं आहे’ म्हणालास, ते त्यांना ऐकू आलं का, आणि त्यानंतर त्यांनी ती रेकॉर्ड कधीच का लावायला सांगितली नाही. विचारणं म्हणजे जखम उकरणं, न विचारणं म्हणजे तुला अर्धंच कळवणं. शेवटी विचारलं.

“आलं की ऐकू,” ते म्हणाले. “खोटं म्हनला. आसंल. त्यांच्या गावात खोटं आसंल. आमच्या गिरनीत लई व्हतं.”

“मग परत कधी लावली का नाही?”

“लावनार कोन? ती सुई ठेवायची मला भ्या वाटायचं. रेघ पडली आस्ती, तर आल्यावर बोल्ला आस्ता.”

पंधरा वर्षं मी समजत होते की त्यांचं मन मोडलंय. तसं थोडं असेलही. पण ते मुख्यतः रेघ पडू नये म्हणून थांबले होते. तू आल्यावर बोलशील म्हणून.

तुझी
ताई


पेठ
२६ नोव्हेंबर २००६

प्रिय राजा,

तुझी नवी सीडी गुरुवारी आली. साध्या पांढऱ्या पाकिटावर तुझ्या अक्षरात ‘गिरणी प्रत’ आणि खाली ‘एकमेव’. तुझं मराठी अक्षर अजून सातवीतल्यासारखंच आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. बारीक आवाज खाली घेतलेस, ढोल आणि जाड तारांची गिटार वर आणलीस, गाणाऱ्याचा गळाही थोडा खाली उतरवलास. खाचांतलं पीठ काढलं नाहीस, कारण ती कुरकुर त्यांना ओळखीची वाटेल. तुझा साहेब ऐकून म्हणाला, हे बाहेर गेलं तर संग्राहक आपल्या ऑफिसला आग लावतील. तू म्हणालास, हे बाहेर जाणार नाही, घरी जाणार आहे. हे वाक्य वाचून मी चष्मा पुसला.

रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, म्हणजे मी घरी असेन. आज सकाळी वीज नव्हती. अकराला आली आणि गिरणीसमोर डब्यांची रांग लागली. वीज किती वेळ राहील याचा भरवसा नसतो, त्यामुळे आली की प्रत्येकीला घाई. मला प्रश्न पडला. गिरणी चालू ठेवावी तर अप्पांना ऐकू येणार नाही. गाणं लावावं तर एवढ्या बायकांचं दळण राहणार, आणि त्यांच्या घरी चूल वाट बघतेय. एका म्हाताऱ्याच्या कानासाठी एवढ्या जणींना थांबवायचा मला काय अधिकार? मी तशीच पाकीट हातात धरून उभी. ठकूमावशींनी ते पाहिलं.

“राजाचं हाय का?”

“हो. पण नंतर लावते. तुमचं दळण—”

“दळान काय पळून चाललंय व्हय? लाव तू.” मग मागे वळून बाकीच्यांना, “ए बायांनो, बसा गं जरा खाली. सोपानभाऊचं पोरगं बोलाया लागलंय.”

अप्पांनी स्वतः खटका पाडला. पट्टा फटफट करत थांबला. वीज असताना ती गिरणी बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिल्यांदा कुरकुर आली. मग ढोल. भिंतीवरचा खोका हलला आणि त्यावरचं पीठ भुरूभुरू खाली पडायला लागलं, अप्पांच्या टोपीवर, खांद्यांवर. ते हलले नाहीत. तळहात भिंतीला लावून उभे होते. मग त्यांचा पाय हलायला लागला. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, पाय हलला म्हणजे ऐकू येतंय असं नाही, भिंतीचे हादरेही लागत असतील. एवढ्यात धृपद आलं, आणि अप्पांनी तोंड उघडून, सुरात अजिबात नाही, पण बरोबर वेळेवर म्हटलं, “लई, लई, हाय ना लई!”

सगळ्या बायका हसायला लागल्या. अप्पाही हसले. “वाजतंय!” म्हणाले मला, जणू मलाच ऐकू येत नव्हतं. “आगं, वाजतंय!”

रेकॉर्डची एक पूर्ण बाजू ऐकली त्यांनी. कुणी उठलं नाही. शेवटचं गाणं संपलं आणि शांतता झाली, तशी मी बंद करायला गेले. तू मला पत्रात सांगितलं नव्हतंस, हे बरं केलंस. सांगितलं असतंस तर मी अप्पांकडे बघत बसले असते आणि ऐकायचं राहिलं असतं.

“अप्पा, जेवलात का?”

तुझा आवाज. खोल, अगदी कानाशी बोलल्यासारखा. अप्पा दाराकडे वळले, राजा. दोन पावलं गेले. दारात कुणी नव्हतं, बाहेर ऊन होतं आणि महामार्गावरून कांद्याचा ट्रक चालला होता. मग त्यांना कळलं. ते परत फिरले, खोक्याकडे मान वर करून म्हणाले, “जेवलो की. तू?”

तू अर्थातच थांबला नाहीस. “मी चुकीचं ऐकलं, अप्पा. ताईने लिहिलं तेव्हा कळलं. मी खुर्चीवर बसूनच वाजवतो. चाकं आहेत तिला.” आणि शेवटी म्हणालास, “येऊ का?”

“ये की! कोन आडवतंय तुला?” अप्पा एवढ्याने ओरडले की ठकूमावशींनी कानांवर हात ठेवले.

“अवो भाऊ, त्या खोक्याला काय सांगताय? त्याला न्हाई जायाचं ऐकू.”

“मंग?”

मी म्हटलं, “मी आजच लिहिते अप्पा. नाहीतर फोन लावू.” तर म्हणाले, “फोन नगं. त्यो काय बोलतो ते मला कळायचं न्हाई, आन मी मधीच बोलत सुटंन. त्यानं माझ्या कानात सांगितलंय. मी बी त्याच्या कानात सांगनार.” त्यांना तुझ्यासारखंच करायचं आहे, आवाजात उत्तर द्यायचं आहे. माझा जुना टेपरेकॉर्डर अजून चालतो, बघितला.

मग त्यांनी खटका वर केला. दळण उशिरापर्यंत चाललं. वीज गेली नाही. कुणाचे आभार मानावेत कळत नाही. तुझे, ठकूमावशींचे, त्या दुर्बिणीच्या इंजिनिअरचे, की वीज मंडळाचे? सगळ्यांचेच मानते. मी इतकी समाधानी आहे की मला स्वतःचाच संशय येतोय, काहीतरी लिहायचं राहिलं असणार म्हणून. एक राहिलंय. त्यांचा उजवा कान गेल्या महिन्यापेक्षा कमी झालाय. आज ऐकू आलं, आणखी तीन-चार महिन्यांनी येईल की नाही मला सांगता येत नाही. ‘येऊ का’चं उत्तर तुला त्यांच्याच तोंडून मिळेल. पण तिकीट त्याच्या आधी बघायला माझी हरकत नाही.

आत्ता ते ओट्यावर बसलेत आणि काय-काय सांगायचं ते मोठ्याने मोजतायत. विहिरीचं, माझ्या बढतीचं, आईचं, भागूबाबांचं, त्या दिवसाचं. अजून संपलेलं नाही.

तुझी
ताई

उद्या : कॉलेजातून येताना मंचरला उतरून कोरी कॅसेट घेणे. साठ मिनिटांची पुरणार नाही, नव्वदची.